सवयीच्या चुका टिपताना सुरुवात कुठून कराल?

रोजच्या कामांचा क्रम मन कसा सांभाळतं हे शिकायचंय ना? मग मेंदूचे नकाशे आणि संगणकी मॉडेलं सध्या बाजूला ठेवा. खिशात मावेल अशी वही घ्या आणि दोन आठवडे स्वतःच्या चुका टिपा. चूक झाली की लगेच. रात्री आठवून लिहायला बसलात तर मन परस्पर कारणं घुसडतं.

नोंदीत एवढं हवंच:
- करायचं काय होतं, झालं काय
- नेमकी कुठली पायरी
- त्या क्षणी लक्ष कुठे होतं

नुसतं 'विसरलो' लिहिलंत तर नोंद वाया.

बऱ्याच चुका फाट्यावर, म्हणजे रोजचा क्रम आणि आजचा बेत जिथे वेगळे होतात तिथे, सापडतील. ठाण्याहून धीम्या लोकलने मावशीकडे माटुंग्याला निघालात, पण ऑफिससाठी रोज दादरला उतरता, तर माटुंगा आलं तरी जागचे हलत नाही. नॉर्मन आणि शॅलिस या मानसशास्त्रज्ञांच्या १९८६च्या मांडणीनुसार सवयीच्या कृतींचे आराखडे आपसात चढाओढ करतात. वेगळं काही करायचं तर वरून लक्षाची देखरेख लागते. ती गप्पांत गुंतली की जुनी सवय बाजी मारते.

दुसरी जागा व्यत्ययाची. चहाच्या आधणात साखर पडली, तेवढ्यात बेल वाजली. परतल्यावर पुन्हा साखर, नाहीतर आलं घालायचंच राहिलं.

नवखे एक घोळ हमखास घालतात: इंडिकेटर चुकीचा वाचून भलत्याच गाडीत चढणं हेही यात धरतात. तिथे बेतच चुकीच्या माहितीवर होता. ती पानं वेगळी ठेवा.