बेळगावातल्या मराठी मिडियमच्या मुलीची इंग्लिश क्रियापदं सारखी चुकतात, आधी काय सुधारावं?

आधी 'डिड'नंतरचं क्रियापद सुधारा, कारण 'आय डिडन्ट वेन्ट' ही चूक सगळ्यात जास्त होते आणि लगेच कानाला खटकते. मी बेळगावच्या शहापूरला एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, पोरांची इंग्लिश शिकवणी घेतो, दर बॅचला हेच ऐकतो. कारण सरळ आहे, मराठीत आपण 'मी गेलो नाही' म्हणतो, म्हणजे नकार आला तरी भूतकाळ क्रियापदावरच राहतो, इंग्लिशमध्ये तो 'डिड' उचलतं आणि पुढे मूळ रूपच यायला पाहिजे, 'आय डिडन्ट गो'. तुमच्या मुलीला कन्नड येत असेलच की, तिला 'होदे' (मी गेले) आणि 'होगलिल्ला' (गेले नाही) शेजारी ठेवून दाखवा, नकारात भूतकाळाचं रूप तिथंही जातं, बेळगावच्या पोरांना हे पटकन कळतं आणि मला तर नियम पाठ करण्यापेक्षा हेच जास्त आवडतं. प्रश्नातही तेच, 'डिड यू सॉ' नाही, 'डिड यू सी'.

मग बाकीच्या:
- 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' नाही, 'आय हॅव टू ब्रदर्स'
- 'ही सेड मी' नाही, 'ही टोल्ड मी'
- 'ओपन द फॅन' नाही, 'स्विच ऑन द फॅन'

फक्त 'हॅविंग' सरसकट चूक धरू नका, 'आय अ‍ॅम हॅविंग लंच' एकदम बरोबर आहे, कारण तिथं अर्थ जेवण्याचा आहे, जवळ असण्याचा नाही.