वाचकांचे प्रश्न : डेथ व्हॅली ते जोशुआ ट्री, दोघांनीच

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही दोघं (वयं 58 आणि 55) मुलीकडे अमेरिकेला जाणार आहोत. त्यातले पाच दिवस फक्त आमचे. लास वेगासला भाड्याची गाडी घेऊन डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री ही वाळवंटातली राष्ट्रीय उद्यानं बघायची आहेत. ठिकाणांची यादी तयार आहे. आणखी काय तयारी लागेल? – वाचक दांपत्य, पुणे

उत्तर : महिना अगदी योग्य निवडलात. आता ठिकाणांची यादी बाजूला ठेवा आणि नकाशावर आधी पेट्रोलपंप आणि पाण्याचे नळ खुणावा. या भागात दिवसाचा कार्यक्रम त्यांवरूनच ठरतो.

लास वेगास ते डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक साधारण 120 मैल, म्हणजे सव्वादोन-अडीच तास. वाटेत पाहरंपला टाकी भरून घ्या. उद्यानात फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनामिंट स्प्रिंग्ज इथे पेट्रोल मिळतं, पण बरंच महाग. तिथून जोशुआ ट्रीकडे निघताना बेकर गावात पुन्हा टाकी पूर्ण भरा. पुढे मोहावे राखीव क्षेत्रात एकही पंप नाही आणि जोशुआ ट्रीलगतचं ट्वेंटीनाईन पाम्स गाव बेकरपासून सव्वाशे मैलांच्या आसपास आहे. मधे अँबॉयला पंप आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आणखी एक अडचण हमखास येते. पंपावरचं यंत्र कार्डाचा अमेरिकी पिनकोड मागतं आणि भारतीय कार्ड नाकारतं. अशा वेळी दुकानात जाऊन पंपाचा नंबर सांगा आणि आधी पैसे भरा.

पाणी माणशी रोज किमान 4 लिटर. तुम्हा दोघांना पाच दिवसांचे 40 लिटर होतात. ते सगळं एकदम न्यायची गरज नाही, पण दोन दिवसांचं म्हणजे 16 लिटर गाडीत कायम असू द्या. जोशुआ ट्रीच्या आतल्या भागात पाणी मिळत नाही. नळ आहेत ते फक्त कडेच्या काही ठिकाणी. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर घामावाटे गेलेलं मीठ भरून निघत नाही. डोकं दुखतं, मळमळतं. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ओआरएसची पुडी, सोबत खारे दाणे किंवा चिवडा हवाच.

कपड्यांचा अंदाज उंचीवरून बांधा. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली, तर त्याच्या डोक्यावरचा डान्टेज व्ह्यू 1,669 मीटर उंचीवर. खाली अर्ध्या बाह्यांत फिराल आणि वर 8 ते 14 अंशांनी थंड हवा, शिवाय बोचरा वारा. जाकीट सामानात तळाशी ठेवू नका, मागच्या सीटवर असू द्या.

गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत आता स्टेपनीऐवजी हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चर बुजवायचं द्रावण असतं. त्याने खिळ्याचं भोक बुजतं, टायरची बाजू फाटली तर काही उपयोग होत नाही. स्टेपनी असलेलीच गाडी मागून घ्या. दोघंही चालवणार असाल तर दोघांची नावं करारात हवीत. नाहीतर करारात नसलेल्याच्या हातून अपघात झाल्यास विमा मिळत नाही. कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्याला बहुतेक करारांत मनाई असते, म्हणून डेथ व्हॅलीतलं रेसट्रॅक हे कोरडं तळं यादीत असेल तर काढाच. उबेहेबे क्रेटरपासून पुढे 27 मैल खडबडीत रस्ता आणि धारदार खडी आहे. तिथून गाडी ओढून आणायचा खर्च हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो.

प्रश्न : घाटात गाडी तापली किंवा आडवाटेला बंद पडली तर?

उत्तर : चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला की एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण चालू करा, इंजिनाची उष्णता तेवढीच बाहेर पडते. तरीही काटा लाल पट्ट्यात गेला तर बाजूला थांबून इंजिन बंद करा. निदान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं आणि अंगावर उसळतं. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवलात तर ते तापून निकामी होतात. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गियर टाकता येतो, तो टाका.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. दुपारी आकडा चढलेला दिसेल. दर साडेपाच अंशांना साधारण 1 पीएसआय वाढतं. म्हणून हवा सोडू नका, रात्री टायर कमी हवेवर येईल.

गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नका. गाडीची सावली मिळते आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. बॉनेट उघडं ठेवा. मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी नसते, त्यामुळे आजचा रस्ता आणि पोचायची वेळ मुलीला सकाळीच कळवून ठेवा. नकाशे आधी उतरवून घ्या, कागदी नकाशाही ठेवा. फोन जवळची म्हणून कच्ची वाट दाखवेल. डांबरी रस्ता सोडू नका. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. ऑगस्ट 2023 मध्ये एका दिवसाच्या पावसाने डेथ व्हॅलीचे रस्ते असे उखडले की उद्यान ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होतं. निघायच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर बंद रस्ते तपासा.

प्रश्न : वार्षिक पास घ्यावा का?

उत्तर : या दोनच उद्यानांसाठी नको. प्रत्येकी गाडीमागे 30 डॉलर पडतात, तिकीट सात दिवस चालतं. मोहावेला शुल्कच नाही. 2026 पासून अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांना वार्षिक पास 250 डॉलरला आहे. ग्रँड कॅन्यन आणि झायनही जोडणार असाल तर मात्र घ्या, कारण तिथे पास नसल्यास परदेशी पाहुण्यांना प्रवेशशुल्काखेरीज माणशी 100 डॉलर जास्त पडतात. डेथ व्हॅलीत रोख घेत नाहीत, कार्ड लागेल.

प्रश्न : जोशुआ ट्रीमधल्या चोया निवडुंगाचे काटे फार लागतात म्हणे?

उत्तर : हो. नुसता धक्का लागला तरी अख्खा तुकडा सुटून कपड्याला किंवा कातडीला चिकटतो. काट्यांना उलट दात असतात, त्यामुळे बोटांनी ओढायला गेलात की बोटातही रुततात. मोठ्या दातांचा कंगवा कातडी आणि तुकडा यांच्यामध्ये सरकवून झटक्यात उडवा, समोर जोडीदार उभा नाही हे बघून. उरलेले काटे चिमट्याने काढा. कंगवा आणि चिमटा खिशात ठेवा, पायात बंद बूट घाला.