हजाराच्या आत भरदार शिराझ (त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन) हवी आहे. नाशिकची घेऊ की ऑस्ट्रेलियाची? आमच्या मालवणी जेवणासोबत चालेल का?

हजाराच्या आत म्हणताय तर डोळे मिटून नाशिकची घ्या. ऑस्ट्रेलियाची बाटली तिकडे स्वस्त असली तरी इथे येईपर्यंत शुल्कानेच फुगते. पूर्वी १५० टक्के आयात शुल्क होतं. डिसेंबर २०२२ पासून पाच डॉलरच्या वरच्या बाटलीला ते १०० वर आलं आणि हळूहळू उतरतंय, पण अजून आपल्या खिशापर्यंत उतरलेलं नाही.

मी वेंगुर्ल्याकडचा. आमच्या पोफळींवर मिरीच्या वेली चढवलेल्या आहेत, आणि शिराझ मला कळली ती त्यांच्यामुळे. वाळलेले दोन मिरे ठेचून हुंगा, मग ग्लासात नाक घाला. तोच वास! उगाच भास नव्हे. मिरीला वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्य या द्राक्षाच्या सालीतही असतं. थंड हवेत ते जास्त, कडक उन्हात कमी. म्हणून फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यात, या जातीच्या माहेरी (तिथे तिला सिरा म्हणतात), मिरी पुढे असते. ऑस्ट्रेलियातल्या उन्हाळ बरोसात पिकलेलं आलुबुखार, चॉकलेट, असा दाट ऐवज आणि अल्कोहोल १४-१५ टक्के. ही जात इराणच्या शिराझ शहरातून आली अशी गोष्ट कुणी सांगितली तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. डीएनए तपासणीत या जातीचे दोन्ही आईबाप फ्रेंचच निघाले.

नाशिकला ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) होते, द्राक्षं थंडीत वाढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर खुडली जातात. माझ्या जिभेला ती बरोसापेक्षा अंगाने हलकी, पण मिरी आणि थोडा धुरकटपणा असलेली लागते. लेबलवर ‘रिझर्व्ह’ असेल तर बहुतेकदा लाकडी पिंपातली. जास्त भरदार, पण हजार ओलांडते.

जेवणाचं म्हणाल तर वडे-सागोती किंवा मटण सुकं. वाटपातलं भाजकं खोबरं आणि मिरी तिच्याशी छान जमतं. तिखट मात्र हात राखून घाला, नाहीतर अल्कोहोलने तोंड आणखी पेटतं. बांगड्यासोबत अजिबात नको. लाल वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की विळा चाटल्यासारखं लागतं. बांगड्याला सोलकढीच बरी.

आणि एक. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्या’ हा सल्ला वेंगुर्ल्याच्या खोलीसाठी नाही. मी पहिली बाटली मे महिन्यात कपाटावर ठेवली होती, महिन्याभराने उघडली तर शिजलेल्या जांभळाचा रस! आता बाटली फ्रीजच्या दारात आडवी-उभी कशीही ठेवतो आणि पिण्याआधी वीसेक मिनिटं बाहेर काढतो. उरली तर झाकण फिरवून परत आत, दोन-तीन दिवसांत संपवायची.