‘गावाने ठरवलं’ एवढ्यावर थांबू नकोस

सप्रेम नमस्कार,

वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी काम करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. तक्रारीत ‘गावाने बहिष्कार टाकला’ एवढंच लिहून कधी देऊ नकोस. गुन्हा गावावर नाही, माणसांवर दाखल होतो. बैठक कधी, कुठे झाली, कोणी बोलावली, निर्णय कोणी सांगितला, हे नावनिशीवार हवं. सगळ्यांचा म्हणून दिलेला निवाडा कोणाचाच नसतो. त्याची ताकद तीच आहे.

घरी गेल्यावर ‘तुमच्यावर बहिष्कार आहे का?’ असं विचारलंस, तर माणसं संकोचून ‘तसं काही नाही’ म्हणतील. त्यापेक्षा शेवटचं दळण कुठून आणलं, ते विचार. मग किराणा, पाणी, लग्नाचं आवतण. पालखी दाराशी थांबली का, मयताला खांद्याला कोण आलं. गिरणीवाला ‘तुमचं दळलं तर मला दंड बसेल’ म्हणाला असेल, तर त्याचे शब्द जसेच्या तसे, तारखेसकट उतरवून घे. बंदी आणि तिच्यामागचा धाक, दोन्ही त्यात आले.

शेजाऱ्याने बोलणं टाकलं म्हणजे बहिष्कार नव्हे. भाऊबंदकीत अबोला असतोच. एका बैठकीनंतर चार दारं एकदम बंद झाली, तर मात्र प्रकरण वेगळं.

साक्षीदार फिरतात, कारण त्यांनाही त्याच गावात राहायचं असतं. म्हणून कागद आधी गोळा कर. दंडाची पावती कधी ‘वर्गणी’ म्हणून फाडलेली असते, ती जपून ठेव. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ फोन आणि मेसेज तसेच राहू देत.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ मध्ये. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ठाण्यात ‘आपसात मिटवा’ म्हणाले, तर तक्रार लेखी दे, पोच घे. तरीही गुन्हा नोंदवला नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

तडजोडीचा कागद पुढे आला, तर सहीआधी स्वतः वाच. पीडितालाच माफी मागायला लावलेली नाही ना, घेतलेला दंड परत मिळतोय का आणि ‘जातीत घेण्यासाठी’ म्हणून नवी रक्कम तर लावली नाही ना, हे तपास.