बोका कॅटनिपवर लोळतो, काळजी करू का?

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही भुसावळला बरीच वर्षं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो. मिस्टर रिटायर झाले आणि गेल्या दिवाळीत आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. घरात तीन मांजरं आहेत. चार वर्षांचा बोका, त्याचं ऑपरेशन झालेलं आहे. त्याची बहीण सोनी, आणि जिन्यात सापडलेलं दोन महिन्यांचं पिल्लू. इथे आल्यापासून बोका सुस्त झाला, म्हणून पुण्याहून मुलाने कॅटनिपच्या वाळलेल्या पाल्याचं पाकीट पाठवलं. चिमूटभर सतरंजीवर टाकलं तर बोका त्यात तोंड घासू लागला, लाळ गाळू लागला, गडाबडा लोळला. सासूबाई घाबरून म्हणाल्या, "माय वं, मांजर याडं झायं! मांजरले गांजा देतस का कोनी?" सोनीने मात्र वास घेतला आणि निघून गेली. पाकीट नकली आहे का? याची सवय लागते का? बोका आता दिवसभर मलूल असतो, वाळूच्या ट्रेमध्ये परत परत जाऊन बसतो, पाकीट उघडलं की तेवढ्यापुरता उठतो. म्हणून रोज द्यावं का? आणि हे रोप आपल्याकडे येतं का?
एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, तुमचं पत्र हातात पडलं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला होता, तो कॅटनिपसाठी नव्हताच. "ट्रेमध्ये परत परत जाऊन बसतो" या तुमच्या वाक्यावर माझी नजर अडकली. तुमच्या परवानगीने ते सगळं इथे लिहिते, कारण ज्यांच्या घरी बोका आहे त्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. उन्हाळ्यात पाणी कमी पोटात जातं, त्यात नुसतं कोरडं पॅकेटचं खाणं असलं की लघवी घट्ट होते, बारीक खडे धरतात, आत सूज येते. मग तो ट्रेत जाऊन बसतो, जोर करतो, थेंबभर होते किंवा होतच नाही. घरच्यांना वाटतं पोट साफ नाही. मार्ग पूर्ण बंद झाला तर २४ तासांतही प्रकरण हाताबाहेर जातं आणि दोन-तीन दिवसांत मांजर दगावतं. सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं काम केलं मी. लोक त्याला ढोरांचा दवाखाना म्हणायचे, म्हशी-बैलांच्या रांगेत कधीतरी कोणी पिशवीत घालून मांजर आणायचं. असे बोके मी उशीर झाल्यावर पाहिलेत, आणि त्यांच्या मालकांचे चेहरेही. तुमच्या बोक्याचा मार्ग बंद झालेला नव्हता, नशीब. लघवीत वाळूसारखे कण निघाले, औषध सुरू झालं, आता ओलं खाणं आणि घरात चार ठिकाणी पाण्याच्या वाट्या आहेत असं तुम्ही कळवलंत. जिवात जीव आला.

तेव्हा पहिली गोष्ट. मलूल जनावराला कॅटनिप देऊन उठवायचं नाही. दुखत असलेलं मांजरसुद्धा त्या वासाने दहा मिनिटं उठून लोळू शकतं, आणि आपल्याला वाटतं बरं आहे की. तुमच्याकडे नेमकं तेच होत होतं.

आता सासूबाईंची शंका. ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण मुक्या जिवाला कोणी नशा देत असेल तर घरातल्या मोठ्या माणसाने आवाज उठवलाच पाहिजे. त्यांना सांगा, हा गांजा नाही, भांगही नाही. कॅटनिप हे तुळस आणि पुदिन्याच्या कुळातलं झाड. कधी ताजं रोप हाती आलं तर दांडा दोन बोटांत धरून फिरवून बघा, तुळशीसारखाच चौकोनी लागेल. त्याच्या पानांत नेपेटालॅक्टोन नावाचं वासाचं द्रव्य असतं. मांजराच्या नाकाला ते लागलं की पुढचं सगळं घडतं. काम नाकाचं आहे, पोटाचं नाही. म्हणून तो पाला खाण्याआधीच बोका लोळायला लागतो.

पण सासूबाई अगदीच चुकल्या असंही नाही. २०२१ मध्ये जपानच्या इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातातबी नावाच्या वेलीवर काम करून दाखवलं. जपानी मांजरं या वेलीवर अशीच लोळतात आणि तिच्यातलं द्रव्य कॅटनिपच्या द्रव्याचं सख्खं भावंड. लोळल्यावर मांजराच्या रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढलेलं त्यांना दिसलं. आपण खूप चालून आल्यावर किंवा दुखणं सोसताना आपल्या शरीरात जे सुखाचं रसायन पाझरतं, तेच हे. अफूचा असर उतरवणारं नालोक्झोन आधी टोचलं तर मांजरं वेलीवर अंग घासेनाशी झाली. म्हणजे अफू जिथे जाऊन काम करते तीच जागा जागी होते, हे खरं. फरक असा की बाहेरून अफू आत जात नाही. मांजर स्वतःच्याच शरीरातलं सुख स्वतःला देतं, आणि त्याला मर्यादा आहे. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरतं. त्यानंतर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ, नाकासमोर पाला धरला तरी मांजर ढुंकून बघत नाही. नाही मिळालं म्हणून अंग कापतंय, खाणं सोडलंय असं होत नाही. सवय लागत नाही. उलट रोज दिलं तर त्यातली गोडी जाते आणि मांजर लक्ष देणं सोडून देतं.

त्याच संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. त्या द्रव्याचा वास अंगाला लागलेल्या मांजरांवर डास कमी बसले. म्हणजे लोळण्याला हा उपयोगही असावा. मला हे वाचल्यावर फार आनंद झाला होता, कारण त्याने एक जुनी आठवण उलगडली.

माझं माहेर चोपडा तालुक्यात. श्रावणात कपाशीच्या निंदणीला आजीबरोबर जायचे तेव्हा खळ्यातली करडी मांजरी मागे मागे यायची. बांधाच्या कडेला खोकलीचं तण असतं, काही जण तिला खाजोटी म्हणतात. हातभर उंच, पानाच्या बगलेतून हिरवी तुऱ्यासारखी फुलं, त्याखाली वाटीसारखं पान. आजी ती मुळासकट उपटून बांधावर फेकायची. पानांकडे मांजरी बघायचीही नाही, पण ओल्या मुळापाशी आली की आधी नाक, मग हनुवटी, मग एक गाल, दुसरा गाल, आणि मग पाठीवर पडून चिखलात पाय वर. डोळे अर्धे मिटलेले. ओठांच्या कडेला लाळेचा थेंब. मी हाका मारायचे तरी तिला कान नसायचे. आजी म्हणायची, "राहू दे, ती तिनी दवाई शे." पुढे पशुवैद्यकाचं शिक्षण घेतल्यावर कळलं की खोकलीच्या मुळाची ही ओढ मांजरांना असतेच. दक्षिणेत तमिळ लोकांना तर ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पावसाळ्यात डासांचा कहर असायचा, आणि ती मांजरी नेमकी तेव्हाच लोळायची. अर्थात खोकली उगवतेच पावसाळ्यात, त्यामुळे यावरून फार काही सिद्ध होत नाही. पण आजीचं "दवाई" मला आता वेगळं ऐकू येतं.

हे वाचून शेतातून खोकली उपटून आणू नका, हे कळकळीने सांगते. खोकलीत विषारी अंश आहे, ती पोटात जाता कामा नये. आणि आता बांधावरचं एकही तण तणनाशकाच्या फवाऱ्यातून सुटलेलं नसतं. आजीचा बांध तसा नव्हता.

नावांचाही घोळ आहे. मांजराला तगरीच्या मुळाचाही नाद असतो असं तुम्ही मोबाईलवर वाचाल. ती औषधी तगर, हिमालयाकडची, काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी. आपल्या अंगणात पूजेसाठी लावतो ती पांढऱ्या फुलांची तगर वेगळी, तिच्या चिकापासून मांजराला लांबच ठेवा. युनानी औषधांच्या दुकानात बिल्लीलोटन मागाल तर त्या एकाच नावाखाली वेगवेगळ्या वनस्पती मिळतात. मुलाने पाठवलेलं बंद पाकीट त्यापेक्षा कितीतरी बरं.

सोनीचं आणि पाकिटाचं. पाकीट नकली असतं तर बोकाही लोळला नसता. साधारण तीन मांजरांमागे दोघांना कॅटनिप कळतं, तिसऱ्याला कळतच नाही. हे आईबापांकडून येतं. सख्ख्या भावंडांतही एकाला येतं, एकाला नाही, जसे एकाच घरात एकाचे डोळे घारे असतात. सोनीत काही कमी नाही. तिला दोरीच्या टोकाला बांधलेलं पीस, पुठ्ठ्याचं खोकं यात रमवा. पिल्लाला मात्र देऊ नका. तीन महिन्यांच्या आत त्यांना बहुधा उमगतच नाही, सहा महिन्यांचं होईपर्यंत थांबा. गाभण मांजरीला आणि झटके येणाऱ्या मांजराला मी देत नाही.

किती द्यावं? अंगठा आणि एका बोटाच्या चिमटीत मावेल तेवढं, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. बोका पूर्ण बरा झाल्यावरच, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, दुपारी लोळून दमलेलं मांजर तापतं. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर खेळ नाही, ते संकट आहे. तेव्हा थंड फरशीवर ठेवा, अंगाला ओला फडका लावा आणि डॉक्टर गाठा.

थोडा पाला पोटात गेला तर काही होत नाही. माझ्याकडे एका मांजरीने अख्खं पाकीट फाडून फस्त केलं होतं. रात्रभर उलट्या, जुलाब, चालताना झोकांड्या. सलाईन लावावं लागलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाताची पेज चाटली तिने. पाकीट डब्यात, डबा कपाटात. दुसरं म्हणजे दोन बोके असतील तर वेगळ्या खोल्यांत द्या. काहींना त्या वासाने गंमत चढते, काहींना राग.

तेल आणि स्प्रे मात्र नको. कॅटनिपचं म्हणून विकलं जाणारं तेल फार तीव्र असतं, आणि त्यात आणखी काय मिसळलंय ते बाटलीवर धड लिहिलेलं नसतं. मांजराचं यकृत कित्येक सुगंधी तेलं पचवू शकत नाही. निलगिरी, पुदिना, लवंग, टी-ट्री यांचं तेल अंगाला लागून त्यांनी ते चाटलं तर विषबाधा होते. डासांसाठी मांजराच्या अंगावर काही चोळायचं मनातही आणू नका. तीच गोष्ट पॅरासिटामॉलची. माणसाची अर्धी गोळी मांजराचा जीव घेते.

एक मनातलं सांगते. हल्ली मुलं मोबाईल धरून बसतात, मांजर लोळायचं थांबलं की पुन्हा पाला टाकतात, रील नीट आली नाही म्हणून. तो आनंद मांजराचा आहे. त्याला त्याचा वेळ घेऊ द्या, मधे उचलू नका, पोटाला हात लावू नका. आणि तुमच्या बोक्याची सुस्ती मला आधीच कळली होती. क्वार्टरचं अंगण, चिंचेचं झाड, भिंतीवरच्या खारी, मालगाडीचा आवाज, हे सगळं एका दिवाळीत गेलं त्याचं. फोनवर तुम्हीच म्हणालात, तो तासन्‌तास दाराच्या फटीशी नाक लावून बसतो. गॅलरीला जाळी मारून तिथे एक उंच फळी ठोकून घ्या, खाली रस्ता दिसेल अशी. रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटं त्याच्याशी खेळा. त्याला कॅटनिपपेक्षा याची भूक जास्त आहे.

राहिला रोपाचा प्रश्न. कॅटनिप थंड हवेचं झाड, हिमालयातही होतं. आपल्या उन्हाळ्यात ते कोळपून जाईल, पण हिवाळा त्याला मानवतो. दसरा झाला की कुंडीत बी टाका, माती भुसभुशीत, वर बोटभर मातीचा थर नको, माती नुसती भुरभुरवा, बी फार बारीक असतं. सकाळचं ऊन द्या. भरताच्या वांग्यांच्या दिवसांत पाला खुडण्याजोगा होईल. फुलं यायला लागली की फांद्या कापून सावलीत वाळवा, उन्हात वास उडून जातो, आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. कुंडीवर सुरुवातीपासून जाळी घाला. पान चुरगळलं की वास आणखी सुटतो, आणि बोक्याला तो लागला की तो रोपावरच झोपेल.