बस सरकारची, थांबा पालिकेचा

प्रश्न : मुलगा लंडनला असतो. तो म्हणतो, तिथे प्रत्येक भागाची पालिका आपला वाहतूक आराखडा स्वतः लिहिते. मग पणजी महानगरपालिकेने स्वतःच्या बस का चालवू नयेत?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : मुलाचे खरे आहे, पण बस तिथेही पालिका चालवत नाही. लंडनमध्ये 32 बरो, म्हणजे विभागवार पालिका आहेत. शहराचे वाहतूक धोरण महापौर ठरवतो आणि आपल्या हद्दीत ते कसे अमलात आणणार, याचा आराखडा 1999च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक बरोला द्यावा लागतो. त्याला महापौरांची मंजुरीही लागते. 2041पर्यंत 80 टक्के प्रवास पायी, सायकलने किंवा सार्वजनिक वाहनाने व्हावा, हे 2018च्या धोरणातले उद्दिष्ट. बसचे मार्ग आणि वेळापत्रक ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ या शहराच्या वाहतूक संस्थेकडे असते. बरोंकडे मात्र शहरातले सुमारे 95 टक्के रस्ते आहेत. त्यामुळे त्यांच्या आराखड्यात पदपथ, रस्ता ओलांडायच्या जागा, पार्किंग आणि थांब्यांसमोरची मोकळी जागा हेच विषय येतात.

आपल्याकडची विभागणी फार वेगळी नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांचे 18 विषय आहेत. त्यांत रस्ते, दिवाबत्ती, पार्किंगच्या जागा आणि बसथांबे आहेत, बस नाहीत. बस चालवणारे कदंब महामंडळ राज्याचे, खासगी बसचे परवाने वाहतूक खात्याच्या यंत्रणेकडे. शिवाय 2011च्या जनगणनेत पणजीची वस्ती जेमतेम 40 हजार. गर्दी करतात ते म्हापसा, फोंडा, मडगावहून रोज येणारे. त्यांना शटल, म्हणजे मधे न थांबणारी बस, पणजीतल्या पाटोच्या बसस्थानकावर आणून सोडते. तिथून बाजारात किंवा कचेरीत जायचा शेवटचा एक-दोन किलोमीटर पालिकेच्या हातात आहे. पैसा आधी तिथे घालावा. स्वतःच्या बस घेण्याचा हट्ट म्हणजे चालक, डेपो आणि दुरुस्तीचा कायमचा खर्च गळ्यात बांधून घेणे.

प्रश्न : आमच्या बसथांब्यावर छान निवारा आहे, पण बस त्याच्यासमोर लागतच नाही. रस्त्याच्या मधोमध थांबते आणि कंडक्टर ‘फाटीं वच, फाटीं वच’ (मागे जा) करत माणसे आत कोंबतो. चालकाला कोण विचारणार?
– एक वाचक, करंजाळे

उत्तर : चालकाला विचारण्याआधी थांब्याच्या मागेपुढे किती मोटारी लावलेल्या असतात, ते मोजा. बारा मीटरच्या बसला बारा मीटर मोकळी जागा पुरत नाही. आत वळायला आणि पुन्हा बाहेर निघायला जागा लागते. लंडनच्या मार्गदर्शिकेत दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असतील तर थांब्यासाठी साधारण 37 मीटर राखून ठेवायला सांगितले आहे. तेवढी जागा नसेल तर बसचे तोंड आत आणि शेपूट रस्त्यात राहते. मागची रांग अडते, म्हणून चालक आत वळायचेच सोडून देतो.

याचा भुर्दंड चढणाऱ्याला पडतो. लो-फ्लोअर बसची फरशी रस्त्यापासून 400 मिमी उंच असते. पदपथ 150 मिमीचा असेल आणि बस त्याला घासून लागली, तर पाऊल 250 मिमीच उचलावे लागते. रस्त्यावरून चढायचे तर पूर्ण 400. गुडघे दुखणाऱ्या आजींना हा फरक सांगावा लागत नाही. महागडी लो-फ्लोअर बस आणायची आणि थांब्यावर स्कूटर लावू द्यायची, यात काही अर्थ नाही.

उपाय दोन. एक, पिवळे पट्टे मारून जागा राखणे. पण पोलिसांनी गाड्या उचलल्या नाहीत तर हे पट्टे शोभेचेच. दुसरा आम्हाला अधिक पटतो : पार्किंगची रांग असलेल्या ठिकाणी पदपथच त्या रांगेच्या रुंदीइतका पुढे काढायचा. मग बसला आत वळावेच लागत नाही, सरळ लागते आणि सरळ सुटते. जागाही कमी जाते, त्यामुळे दुकानदारांचा विरोध थोडा बोथट होतो. मात्र पुढे काढलेल्या भागाखालून गटाराचा उतार सलग ठेवावा लागतो. ते विसरले की जूनच्या पहिल्या सरीतच थांब्यावर तळे. आणि गटारावरच्या जाळीचे गज रस्त्याला आडवे हवेत. रस्त्याच्या दिशेने असले तर सायकलचे चाक आत जाते.

थांब्याची जागाच बदलायची असेल तर पालिकेला एकट्याने ठरवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 प्रमाणे थांबे आणि वाहनतळ सरकार किंवा त्याने नेमलेले प्राधिकरण ठरवते, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. म्हणून अर्ज दोन्हीकडे द्या.

प्रश्न : पे पार्किंगचे पैसे कुठे जातात?
– एक वाचक, मळा

उत्तर : माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा, एरवी 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. नुसते ‘हिशेब द्या’ लिहू नका. ठेक्याची रक्कम, ठेक्यातल्या रस्त्यांची यादी, प्रत्यक्ष जमा आणि ती कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवली, ही चार कागदपत्रे मागा. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या पार्किंगमधून उरलेला पैसा वाहतूक आणि रस्त्यांच्या ठरावीक कामांवरच घालायचे बंधन 1984च्या कायद्यात आहे. आपल्याकडे पालिकेने ठराव करून निदान पदपथांसाठी वेगळा हिस्सा राखावा. ही सूचना अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी, म्हणजे मार्चच्या पुष्कळ आधी, तुमच्या नगरसेवकाच्या हातात लेखी पडायला हवी.