सगळं आवरलंय हो, पण घर सोडवत नाही

मी समुपदेशक आहे. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुमारास माझ्याकडे एकाच तऱ्हेची माणसं येऊ लागतात. मुलगी किंवा मुलगा परदेशात, घरात पाळणा हलणार, व्हिसा झालेला, तिकिटं हातात, आणि आई-वडिलांपैकी एकाची झोप उडालेली. वाक्यही ठरलेलं : 'सगळं आवरलंय हो, पण घर सोडवत नाही.' मुलांना वाटतं, बाबा विमानाला घाबरतात, नाहीतर इमिग्रेशनवरच्या इंग्रजीला. तीही भीती असतेच, पण ती पहिल्या वीस मिनिटांत बोलून होते. खरी अडचण बोलून होत नाही, म्हणून तर ती रात्री उठवते. अशाच एका जोडप्याबद्दल, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, लिहिते आहे.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. काकू शाळेत शिक्षिका होत्या. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, मुलगी न्यू जर्सीत. सप्टेंबरमध्ये तिचं बाळंतपण, म्हणून ऑगस्टच्या मध्याला निघायचं आणि जानेवारीत परतायचं असं ठरलं होतं. काकांना काकूंनीच ओढून आणलं होतं, हे वेगळं सांगायला नको. 'अजून दोन महिने आहेत, पण हे आत्तापासून रात्री उठून गॅसचा रेग्युलेटर बघतात. आम्ही घरातच असताना!' ही त्यांची तक्रार.

काकांनी सोबत एक लाँगबुक आणलं होतं. पट्टीने आखलेलं, सरकारी शिस्तीचं. डावीकडे निळ्या शाईत कामं, उजवीकडे लाल शाईत शंका. नळ गळला तर? मीटर जळला तर? शेजारचे भाडेकरू बदलले तर? सेक्रेटरीने राजीनामा दिला तर? या शेवटच्या शंकेला मला हसू आलं. काका हसले नाहीत.

मी पहिली ओळ वाचली. 'नळ गळला तर? बरं. पुढे?'

'पुढे काय? घरभर पाणी.'

'आणि मग?'

'खालच्यांच्या छताला ओल येईल.'

'मग ते काय करतील?'

'मला फोन करतील. पण मी तिकडे!'

'तुम्ही तिकडे आहात. पुढे बोला.'

काका जरा थांबले. 'सेक्रेटरीकडे किल्ली ठेवली असेल तर तो प्लंबरला घेऊन येईल.' मग स्वतःशीच म्हणाले, 'मुळात गच्चीवरचा आपला कॉकच बंद करून गेलो तर पाणी येईलच कुठून?'

त्या दिवशी आम्ही एवढंच केलं. प्रत्येक लाल प्रश्न शेवटपर्यंत न्यायचा. काळजीची एक खोड असते. ती प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या प्रश्नाकडे वळते. 'तर?' म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते सगळ्यात वाईट क्षणी गोठलेलं असतं. त्या क्षणानंतरही कोणीतरी फोन उचलतो, कोणीतरी किल्ली घेऊन येतो, हे त्या चित्रात नसतं. घाबरलेल्या माणसाला 'काही होत नाही हो' असं सांगून मी कधीच बघत नाही. झालं तर काय, ते त्याच्याच तोंडून काढते.

असे प्रश्न शेवटाला नेले की घर बंद करायची यादी आपोआप तयार होते, आणि ती भिंतभर नसते. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून वर टोपी बसवायची. फ्रिज रिकामा करून पुसायचा, बंद करायचा आणि दार थोडं उघडं ठेवायचं, नाहीतर परत आल्यावर बुरशीचा वास आठवडाभर जात नाही. इन्व्हर्टरचं काय करायचं ते त्याच्या माणसाला विचारायचं. कूलर, कुंड्यांखालच्या बशा, मोरीतल्या बादल्या कोरड्या करून घासायच्या. नुसतं ओतून उपयोग नाही, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पावसाळ्यात घर बंद राहणार असेल तर कपाटं गच्च भरू नयेत आणि महिन्यातून एकदा कोणीतरी येऊन खिडक्या उघडाव्यात. विजेचं बिल महावितरणकडे आगाऊ भरता येतं. किल्ली एकाकडेच नको, दोघांकडे द्यावी, आणि त्या दोघांना एकमेकांचे नंबर द्यावेत. दागिने लॉकरमध्ये. देवांचं काय, हा प्रश्न काकूंचा होता. त्यांनी टाक आणि बाळकृष्ण तेवढे जावेकडे पाठवले, बाकी देव पुसून देव्हाऱ्यातच ठेवले. तुळस शेजारी.

पुढच्या भेटीत वही बरीच हलकी झाली होती. झोप मात्र नव्हती.

'आता काय राहिलं?' मी विचारलं.

'राहिलं असं काही नाही. पण खात्री वाटत नाही.'

हा शब्द आला की मी कान टवकारते. मी ज्या विचारांच्या मुशीतून आले त्यात या शब्दावर बारीक नजर ठेवायला शिकवतात. माणसाला त्रास घटनेचा होत नाही, तो तिच्याकडे कसं बघतो त्याचा होतो, असं एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाने फार पूर्वी म्हटलं. 1950 च्या दशकात अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्यावर अख्खी उपचारपद्धती उभी केली आणि आपल्याकडे ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून रुजली. तिचं मला सगळ्यात जास्त पटलेलं म्हणणं असं, की 'सगळं नीट व्हावं' ही इच्छा माणसाला कामाला लावते आणि 'सगळं नीट झालंच पाहिजे' हा हट्ट त्याला आजारी पाडतो. पण हे काकांना सांगून काय उपयोग? ते मान डोलावून घरी गेले असते आणि रात्री दोनला रेग्युलेटर बघायला उठले असते. मी विषय बदलला.

'काका, धरणावर असताना पावसाळ्याची तयारी कशी करायचात?'

माणूस एकदम सरळ बसला. सांडव्याच्या दरवाजांची तपासणी, ग्रीसिंग, जनरेटर चालवून बघणं, नदीकाठच्या गावांच्या सरपंचांचे आणि तलाठ्यांचे फोन नंबर, कोणत्या तारखेला पाण्याची पातळी किती ठेवायची, विसर्ग वाढवण्याआधी कोणाला कळवायचं. दहा मिनिटं ते न थांबता बोलत होते, आणि काकू नवऱ्याकडे नव्याने बघत होत्या.

'पाऊस किती पडणार, हे माहीत असायचं?'

'छे! ते कोणाला माहीत असतं?'

'मग झोप कशी लागायची?'

'लागायची की. भर जुलैत लागायची. आलं पाणी तर काय करायचं ते ठरलेलं असायचं ना.'

एवढं बोलून ते स्वतःच गप्प झाले. मी काही म्हटलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायचं असतं आणि हे शिकायला पदवीपेक्षा जास्त वर्षं लागतात. थोड्या वेळाने काका म्हणाले, 'म्हणजे मी घरासाठी पूर येणारच नाही अशी व्यवस्था करायला बघतोय.'

इथे थांबले असते तरी बरंच झालं असतं. पण माझं लक्ष वहीतल्या एका पानावर अडकलं होतं. पान गावाकडच्या घराचं होतं. कराडजवळच्या गावी काकांच्या 86 वर्षांच्या आई धाकट्या मुलाकडे राहतात. त्या पानावर निळ्या शाईत एकच ओळ होती : 'आई - बीपीच्या गोळ्या, डिसेंबरपर्यंत.' उजवा रकाना कोरा. पाण्याच्या मीटरपुढे तीन लाल प्रश्न आणि आईपुढे एकही नाही!

मी वही त्यांच्यासमोर सरकवली आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. 'इथे लाल शाईत काय यायला हवं?'

काका खिडकीकडे बघत राहिले. बोलल्या काकू, त्याही दबक्या आवाजात. 'आमच्यात असलं बोलत नाहीत, मॅडम. अभद्र म्हणतात. पण ह्यांच्या मनात तेच आहे. हे थोरले. आपल्या माघारी आईंचं काही झालं तर...'

'तर?' मी काकांना विचारलं. 'शेवटपर्यंत न्या.'

'तर मी पोचणार नाही.' त्यांचा आवाज फुटला. 'अग्नी द्यायला मी नसेन. न्यूअर्कहून थेट विमान मिळालं तरी 15-16 तास, त्यात तिकीट कधी मिळेल, मग मुंबईहून गाव. कोण थांबणार तोवर? लोक म्हणतील, पोरीकडे अमेरिकेत बसला होता.'

त्यानंतर ते बराच वेळ रडले. काकूंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. गॅस, नळ, मीटर, सेक्रेटरी, सगळे त्या एका न लिहिलेल्या प्रश्नाच्या जागी उभे होते. जी भीती उच्चारायची मनाई असते, ती उच्चारता येण्यासारख्या शंभर गोष्टींवर जाऊन बसते. म्हणून घर सोडवत नसल्याची तक्रार आली की हल्ली मी यादीत काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी शोधते. कधी ती म्हातारी आई असते, कधी घरात एकटा राहणारा अविवाहित मुलगा, कधी स्वतःच्या छातीत दुखलेलं आणि कोणालाच न सांगितलेलं.

'आता धरणावरचा नियम लावा,' मी म्हटलं. 'पाणी आलं तर कोणी काय करायचं, हे कोणाशी ठरवावं लागेल?'

'धाकट्याशी.' मग अडखळत, 'आणि आईशी?'

ते गावी जाऊन आले. आईसमोर विषय कसा काढायचा याची आम्ही इथे उजळणी केली होती. तिची गरजच पडली नाही. काकांनी नुसतं 'आई, आम्ही पाच महिने नाही' म्हणायचा अवकाश, म्हातारीने सगळं ओळखलं. 'अरं, माझ्यासाठी खोळंबून बसलास आन् मी शंभरी गाठली, तर पोरीकडं कवा जाणार? तुझ्या आजीला अग्नी कुणी दिला? धाकट्या चुलत्यानंच की. मग? पतवंडाचं तोंड बघून या.' हे मला काकूंनी हुबेहूब करून दाखवलं.

मग दोघा भावांनी बसून ठरवलं. बातमी कोणतीही असो, लपवायची नाही, आणि ती पुतण्याने सांगायची, कारण भाऊ फोनवर बोलू शकणार नाही. दवाखान्याचे निर्णय धाकट्याने घ्यायचे, विचारत बसायचं नाही. त्यासाठी पैसे त्याच्या खात्यावर आधीच ठेवायचे. वेळ आलीच तर कोणासाठी थांबायचं नाही, काकांनी दहाव्यापर्यंत पोचायचं आणि काकूंनी बाळंतिणीजवळ राहायचं. कोणाला हे निष्ठुर वाटेल. पण ते ठरलं त्या रात्री काका सलग झोपले, आणि माझ्या मते ती झोप त्या निर्णयांचीच होती.

त्यानंतरचं काम सोपं असतं, तरी सांगते, कारण तेही विचारलं जातं. पेन्शनरांना नोव्हेंबरचा हयातीचा दाखला छळतो. 2021 पासून तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण निघण्याआधी बँकेत किंवा कोषागारात विचारून घ्या आणि ते अॅप इथेच एकदा चालवून बघा. बँकेचे ओटीपी इथल्या नंबरवर येतात, तेव्हा रोमिंग सुरू करून घ्या. प्रीपेड सिम 90 दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. कार्ड परदेशात चालतं का ते तपासा. बऱ्याच कार्डांवर ती सोय आपल्याला चालू करून घ्यावी लागते. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचं ते तिथला अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने. ती तारीख तिथे पोचल्यावर मुलीला लगेच बघायला सांगा. औषधं मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, रोजची हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपल्या कंपनीचं नाव तिकडे ओळखत नाहीत. विम्याच्या कागदात जुन्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते मुलाला वाचायला लावा, तिथली बिलं आपल्या कल्पनेपलीकडची असतात. दात आणि डोळे इथेच दाखवून जा. मेतकूट-डिंकाचे लाडू नेणार असाल तर तिथे विचारल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगा.

आणि मनाची तयारी? ती मी मुलीसकट करून घेते. व्हिडिओ कॉलवर तिला एकच विचारायचं : आई-बाबांचा मंगळवार कसा जाईल? बाळाला तेल कोण लावणार, स्वयंपाकघर कोणाचं, बाबा दिवसभर काय करणार? डिसेंबरात तिथे संध्याकाळी साडेचारला अंधार पडतो आणि खाली कट्ट्यावर कोणी बसलेलं नसतं. काकूंना बाळ होतं, काकांना काहीच नव्हतं. मुलीने त्यांना सकाळी लायब्ररीत सोडायचं ठरवलं. बाळंतिणीच्या खोलीत कधी शिरायचं नाही, हेही बापलेकीने ठरवून टाकलं, थोडं लाजत.

जानेवारीत दोघं परतले. रेग्युलेटर, नळ, मीटर जिथल्या तिथे. सेक्रेटरीने मात्र खरोखर राजीनामा दिला होता. ड्राय बाल्कनीत कबुतरांनी संसार थाटला होता. शेजारणीने तीन वेळा हुसकावून शेवटी जाळी बसवून घेतली आणि बिल न्यू जर्सीला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. कबुतरं वहीत नव्हती, हे काकांनी मला दोनदा सांगितलं. आजी ठणठणीत आहेत. पतवंड त्यांनी मोबाईलवर पाहिलं आणि नाक आमच्याकडचं नाही, असं सांगून मोकळ्या झाल्या.